खांबेटे काकांचं ‘जर’

खांबेटे काकांना स्पॅनिश भाषेत ‘पाणी द्या’ म्हणता येत नाही. ‘माझं नाव अरविंद’ म्हणता येत नाही. स्वच्छतागृह कुठे आहे हेही विचारता येत नाही, आणि या वयात सगळ्यात आधी तेच शिकायला हवं, असं शैलाकाकूंचं स्पष्ट मत आहे. पण ‘मी जर पाणी प्यायलो असतो’ हे वाक्य काका झोपेतून उठवलं तरी न अडखळता म्हणतील. तू, आपण, ते, त्या, जगातलं कोणीही जर पाणी प्यायलं असतं, तर ते कसं म्हणायचं हे त्यांना पाठ आहे. मात्र प्यायलं असतं तर पुढे काय झालं असतं, हे त्यांना सांगता येत नाही. तो पुढचा धडा आहे, आणि तो काकांनी घेतलेला नाही.

थोडक्यात, स्पॅनिशमधलं फक्त ‘जर’ येतं आणि ‘तर’ येत नाही, असे एक गृहस्थ कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. रोज सकाळी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना त्यांचं सुरू असतं: “आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस...” म्हणजे मी बोललो असतो, तू बोलला असतास, वगैरे. चाल थेट पाढ्यांची. मी बँकेत जायच्या घाईत पोळ्या लाटत असते, आणि माझं लाटणंसुद्धा हल्ली त्याच ठेक्यात फिरतं.

काका गणिताचे मास्तर. नारायण पेठेतल्या एका शाळेत हयात गेली. सगळ्या जगातले मास्तर मुलांना सांगतात, पेपरात सोपी गणितं आधी सोडवा. काका सांगायचे, अवघड आधी. “डोकं ताजं असताना डोंगर चढायचा. मैदानावर काय, कोणीही चालेल!” त्यांची निम्मी मुलं डोंगरावरच राहिली, मैदानापर्यंत पोचलीच नाहीत, असं काकू म्हणतात. काकूंचा सख्खा धाकटा भाऊ त्यांच्या वर्गात होता, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क आहे.

घरातही तोच खाक्या. जेवायला बसले की आधी कारलं, मग बाकीचं ताट. दिवाळीची आवराआवर सुरू होते ती माळ्यापासून. माळ्यावरचं सगळं सामान दिवाणखान्यात उतरलं की काकांना दम लागतो, आणि मग भाऊबीजेचे पाहुणे पिंप-परातींच्या मधून वाट काढत पाटावर येऊन बसतात. आपण काही म्हणायला गेलो तर उत्तर ठरलेलं: “सोपं काय, कोणीही करेल.”

असा माणूस सत्तरी उलटल्यावर स्पॅनिशच्या क्लासला गेला. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

पण आधी, गेलाच का ते सांगते. केतकी ही खांबेट्यांची एकुलती एक लेक. हुशार पोरगी. स्पेनमधल्या सारागोसा नावाच्या शहरात औषधांवर संशोधन करते. तिनं तिथल्याच हावियेर नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. काकूंनी आधी अबोला धरला, मग रडून घेतलं, आणि मग ‘त्याला पुरणपोळी सोसेल का गं?’ असं मलाच विचारलं.  काकांनी फक्त नकाशा आणून भिंतीला लावला.

ऐन लग्नाच्या वेळी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि जाणं राहिलं. तिकडचं लग्न आम्ही सगळ्यांनी खांबेट्यांच्या हॉलमध्ये मोबाइलवर बघितलं. मी पैठणी नेसले होते. कुठल्याशा कचेरीत दोघांनी सह्या केल्या, टाळ्या झाल्या, संपलं. आपल्याकडे एवढ्या वेळात भटजींचा चहासुद्धा होत नाही. काका अस्वस्थ होऊन म्हणाले, “आणि झाल?”

झाल म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न लागल्यावर मुलीचे आईवडील दिवे लावलेली वेळूची परडी सासरच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवतात आणि म्हणतात, आमच्या मुलीला सांभाळून घ्या. लग्नात नाचणारी, रुसणारी, जिलबीवर तुटून पडणारी सगळी माणसं त्या क्षणी गप्प होतात. माझ्या लग्नात माझे बाबा तेव्हाच रडले होते.

तर काकांनी त्या मोबाइलपुढेच हात जोडले आणि मराठीतून म्हणाले, “आमच्या मुलीला सांभाळून घ्या.” तिकडे व्याह्यांनी हसून अंगठा वर केला आणि नेमकं तेवढ्यात चित्र अडकलं. बराच वेळ आम्ही त्या अंगठ्याकडे बघत बसलो होतो. मागाहून केतकीचा फोन आला, “बाबा, तुम्ही काहीतरी छान बोललात, असं सांगितलं मी त्यांना.”

“छान?” काका फोन ठेवून काकूंवरच उखडले. “मी छान बोललो नव्हतो. विनंती केली होती. मुलीच्या बापाची विनंती होती ती!”

व्याह्यांना इंग्रजी येत नव्हतं. केतकीनं मधे पडून सांगणं काकांना मंजूर नव्हतं. माझ्या यजमानांनी मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप दाखवलं, तर म्हणाले, “वा! म्हणजे हातही यंत्रानंच जोडू का?” पुढच्या वर्षी डिसेंबरात व्याही-विहीणबाई पुण्याला येणार होते. त्यांच्यासमोर उभं राहून, त्यांच्या भाषेत, स्वतःच्या तोंडानं ते एक वाक्य म्हणायचं, असं काकांनी ठरवलं. एवढ्याचसाठी ते स्पॅनिश शिकायला निघाले.

क्लास आमच्याच भागात, एका पोळीभाजी केंद्राच्या वरती. शिकवणारी गार्गी, जेमतेम सव्वीस-सत्तावीसची. गोड मुलगी. तिनं पहिल्या दिवशी फळ्यावर ‘तुमचं नाव काय?’ लिहिलं. काका उभे राहून म्हणाले, “मॅडम, हे नको. माझं नाव त्यांना माहीत आहे, पत्रिकेत छापलं होतं. मला विनंती करायची आहे. मुद्द्याचं शिकवा.”

गार्गी म्हणाली, “मग अगदी सोपं आहे काका. ‘कुइदेन आ मी इहा.’ माझ्या मुलीला सांभाळा.”

“सांभाळा? हा हुकूम झाला. व्याह्यांना हुकूम सोडायचा? अहो, आमच्याकडे रिक्षावाल्यालासुद्धा आम्ही ‘येता का’ विचारतो.”

“रिक्षावाला ‘नाही’ म्हणतो,” गार्गी म्हणाली. पुण्याचीच ती.

शेवटी तिनं त्यांना खरी गोष्ट सांगितली आणि तिथेच ती फसली. ती म्हणाली की अशा अदबीनं बोलायचं तर स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं एक वेगळं रूप लागतं. जे झालेलं नाही पण झालं असतं तर बरं, अशा सगळ्या गोष्टींचं ते रूप. पण ते फार पुढे येतं, चांगलं वर्ष-दीड वर्षानं, आणि मुलांना ते सगळ्यात अवघड जातं. ‘सगळ्यात अवघड’ हे शब्द कानावर पडले मात्र, काकांचे डोळे चमकले.

“तिथूनच सुरू करा,” काका म्हणाले.

गार्गीनं पुष्कळ समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वरच्या वर्गात तो धडा आला की काकांना येऊन बसू द्यायचं, असं ठरलं. धडा संपला की काका वही मिटून बाहेर. पुढच्या तुकडीत तोच धडा आला की काका पुन्हा हजर. कॉलेजच्या मुली कंटाळून खिडकीतून खालच्या पोळ्यांचा वास घेत बसायच्या, आणि काका पहिल्या बाकावरून शंका विचारायचे.

एकदा मलाही त्यांनी तो धडा समजावला. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे. “अनघा, हे भाषा-बिषा काही नाही गं, शुद्ध गणित आहे. ‘ते बोलले’ म्हणजे आब्लारोन. त्यातलं ‘रोन’ वजा करायचं, ‘रा’ मिळवायचं. आब्लारा. बोललो असतो. जेवण्याचं कोमिएरोन, रोन गेलं, कोमिएरा. राहण्याचं बिबिएरा. हाताला आलं ना उत्तर?”

“आणि सगळ्यांचं असंच होतं?”

काकांचा चेहरा पडला. “नियमित क्रियापदांचंच होतं. काही अनियमित आहेत. जाणं, येणं, असणं, देणं... ती वाटेल तशी वागतात. मी त्यांच्या नादी लागत नाही. ज्याला शिस्त नाही त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.”

त्यामुळे काकांना स्पॅनिशमध्ये जाता-येता येत नाही, देता-घेता येत नाही आणि साधं असतासुद्धा येत नाही. बोलता येतं, जेवता येतं आणि राहता येतं, तेही फक्त ‘जर’मध्ये. “बोलणं, जेवणं, राहणं,” काका म्हणतात, “माणसाला आणखी लागतं काय?” सांभाळणं हे क्रियापदही नियमित निघालं, तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

या एका ‘जर’वर काकांनी जो गोंधळ घातला, तो सांगायलाच हवा. चाकणच्या कुठल्याशा कारखान्यात कामासाठी आलेला मिगेल नावाचा एक स्पॅनिश इंजिनिअर गार्गीनं क्लासला बोलावला, मुलांना बोलायचा सराव व्हावा म्हणून. मुली लाजून हसत बसल्या. काका उठले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सी उस्तेद कोमिएरा एन मी कासा...” आपण जर माझ्या घरी जेवला असतात. आणि थांबले.

मिगेल ‘तर’ची वाट बघत राहिला. ‘तर’ काही येईना. काका नुसते प्रसन्न हसत उभे. शेवटी त्यानं काहीतरी विचारलं. काका म्हणाले, “सी, सी.” म्हणजे हो, हो. गार्गी म्हणाली, “काका, तो विचारतोय, कधी येऊ?”

आता पुण्यात असं कोणी विचारतं का? आपण म्हणतो ‘या एकदा जेवायला’, समोरचा म्हणतो ‘येऊ की’, आणि दोघंही पुढे पाच-सात वर्षं सुखानं जगतात. पण काकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “कधीही या, घर आपलंच आहे.” गार्गीनं त्याचं इमानदारीत भाषांतर केलं.

रविवारी दुपारी अडीच वाजता खांबेट्यांची बेल वाजली. कोथरूडमध्ये रविवारी दुपारी अडीच वाजता! पोस्टमनसुद्धा या वेळी बेलला बोट लावताना दहादा विचार करेल. काकूंचा ओटा धुऊन झाला होता, काका घोरत होते. दारात मिगेल, हातात वाइनची बाटली. मागाहून कळलं की त्यांच्याकडे जेवायची वेळच ती असते.

काकू माझ्या दारात आल्या. “अनघा, काय असेल ते दे.” मी आमटी दिली, माझ्याकडच्या अळूवड्या दिल्या, काकूंनी कुकर लावला. मिगेल पाटावर मांडी घालायचा प्रयत्न करत होता आणि काका त्याला, आपण जर जेवला असतात, आम्ही जर जेवलो असतो, ते सगळे जर जेवले असते, असं ऐकवत होते. समोर माणूस खरोखर जेवत होता! ‘घ्या, वाढू का’ एवढं स्पॅनिश मात्र त्यांना येत नव्हतं. काकूंना मुळीच येत नव्हतं, पण त्यांनी त्याला तीनदा भात वाढला. वाइनची बाटली देव्हाऱ्यापासून लांब म्हणून वॉशिंग मशीनवर ठेवली होती.

जेवण झाल्यावर मिगेल सोफ्यावर टेकला आणि बसल्या जागी त्याला झोप लागली. काकांनी हळूच पंखा वाढवला. माझ्याजवळ येऊन कानात म्हणाले, “दुपारी झोपतात गं! आपल्यासारखीच माणसं आहेत. पोरगी चांगल्या घरात पडली.” त्या दिवशी ते फारच आनंदात होते.

गणपतीनंतर तालीम सुरू झाली. मी विहीणबाई. व्याही व्हायला काकूंनी साफ नकार दिला, “मी मिशा लावणार नाही,” म्हणून माझ्या यजमानांना ती जागा मिळाली. आम्ही दोघांनी सोफ्यावर बसायचं, काकांनी आतून यायचं, समोर उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, “मे गुस्तारिया के कुइदारान आ मी इहा.” आपण दोघांनी माझ्या मुलीला सांभाळलंत तर मला बरं वाटेल. याहून अदबीची सुरुवात गार्गीकडे होती, पण तिच्यातलं क्रियापद अनियमित निघाल्यानं काकांनी ती नाकारली होती.

“अहो, जरा हसा की,” काकू आतून म्हणायच्या. “मुलीला सांभाळायला सांगताय की फी भरायला?”

“ही गंभीर गोष्ट आहे, शैला.”

“गंभीर आहे म्हणूनच म्हणते. त्या बाईला वाटेल, माणूस आजारी आहे.”

मग काका पुन्हा आत जायचे, पुन्हा यायचे. आमचे हे पुढेपुढे बातम्या बघतच सांभाळायला कबूल व्हायचे. मी मात्र हसत असले तरी एक सांगते, ते वाक्य म्हणताना काकांचा आवाज दर वेळी शेवटच्या शब्दावर थोडा खाली यायचा. ‘मी इहा’ म्हणजे माझी मुलगी. तेवढं एक मला तालमीत कळलं होतं.

आणि नवरात्रात केतकीचा फोन आला. ती आणि हावियेर वेगळे झाले होते. भांडण नाही, तंटा नाही, पटलं नाही एवढंच. व्याही-विहीणबाई आता येणार नव्हते, हे ओघानं आलंच. केतकी म्हणाली, मी इकडेच राहणार, माझं काम इथे आहे, दुसरीकडे घर बघितलंय, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर काळजी थांबली असती तर आणखी काय हवं होतं! काकू माझ्याकडे येऊन खूप रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी हावियेरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा रडल्या. काका गॅलरीत बसून होते. कुंड्यांना पाणी घातलं गेलं, पण पाढे म्हटले गेले नाहीत. सकाळी एवढी शांतता मला सोसेना.

“आता ते स्पॅनिश पुरे करा,” काकू त्यांना म्हणाल्या. “कुणाला म्हणून दाखवणार आहात?”

 पुढच्या मंगळवारी, क्लासच्या वेळेला, काकांनी स्कूटर बाहेर काढली.

सोसायटीच्या बाकावरच्या मंडळींना विषय मिळाला. कोणी म्हणालं, धक्का बसलाय हो. कोणी म्हणालं, भरलेली फी वसूल करताहेत. पुण्यात माणसाच्या दुःखाचं कारण शोधताना फीपर्यंत पोचतातच लोक. मलाही वाटलं, सवय झाली असेल, जातात बिचारे. गार्गी एकदा भाजीवाल्यापाशी भेटली तर म्हणाली, “ताई, मला वर्गात त्यांच्याकडे बघवत नाही हो. पहिल्या बाकावर बसून तेच वाक्य घोकतात.”

मग थंडीत एकदा केतकीला ताप आला. नव्या घरात एकटी. तिनं सांगितलंही नसतं, पण काकूंनी आवाजावरून ओळखलं. तेव्हा कळलं की खालच्या मजल्यावर कार्मेन नावाच्या बाई राहतात, सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच. त्यांनी वर येऊन सूप करून दिलं होतं. अगदीच अडीनडीला असावा म्हणून केतकीनं त्यांचा फोन नंबर काकूंना दिला. ताप उतरला, विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं.

नंतर एका शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला काका आमच्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. काकू भजनाला गेल्या होत्या. काका म्हणाले, “अनघा, तुझ्या फोनवरून परदेशात फोन लागतो ना? घरून करत नाही. शैला आली तर मधेच रडेल. आणि केतकीला यातलं काही कळायला नको, ती ओरडेल. पस्तिशीची बाई आहे मी, म्हणेल.”

“कुणाला करायचाय?”

“कार्मेनबाईंना.”

 काका सोफ्यावर बसले नाहीत, उभेच राहिले, तालमीत राहायचे तसे.

“सांगायचं तर कुणालातरी हवंच ना?” ते म्हणाले. “व्याही गेले, जावई गेला. ठीक आहे. माणसं बदलली. पण मुलगी तिथेच आहे की माझी! आणि तिला सांभाळा म्हणून आपण तिथे अजून कुणालाही सांगितलेलं नाही. एकाही माणसाला नाही. मला झोप लागत नाही गं.”

 काय थट्टा करायची या माणसाची! मी नंबर लावायला घेतला, तर म्हणाले, “थांब, एकदा म्हणून बघतो. गार्गीनं दुरुस्ती सांगितली आहे. आता दोघं नाहीत, एकट्याच बाई आहेत. म्हणून कुइदारान नाही म्हणायचं, कुइदारा.” मग थोडे ओशाळून पुढे म्हणाले, “आणि आधी आपण कोण ते सांगावं लागतं. सोय एल पाद्रे दे केतकी. मी केतकीचा बाप आहे. हे अनियमित आहे. पण इलाज नाही. बाप आहे हे सांगायलाच लागतं.”

फोन वाजला. पलीकडून एक खरखरीत, जाड आवाज आला. काकांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, “सोय एल पाद्रे दे केतकी.”  मग काकांनी फोन माझ्या हातात दिला, मला तो त्यांच्या तोंडापाशी धरायला लावला, आणि हात जोडले. फोनवर कोण बघणार होतं? पण त्यांना हात मोकळे हवे होते.

“मे गुस्तारिया के कुइदारा आ मी इहा.”

एकही अक्षर अडखळलं नाही. पलीकडे एवढी शांतता की मला वाटलं, लाइन गेली. आणि मग त्या बाई बोलायला लागल्या. काय बोलत होत्या देव जाणे! धबधबाच. मधे आवाज चढला, मधे उतरला, मधे त्यांनी कशावर तरी हात आपटल्यासारखा आवाज आला. मी घाबरले. काका जोडलेल्या हातांनी “सी... सी... सी...” करत होते. बऱ्याच वेळानं बाई थांबल्या, शांतपणे एक काहीतरी वाक्य म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“ते मला कसं कळणार?” काका मटकन सोफ्यावर बसले. “सगळं सोपं-सोपं बोलत होती बाई. ते कुठे शिकलोय मी?”

“अहो, पण चिडल्या होत्या का? केवढ्या मोठ्यानं बोलत होत्या!”

“चिडली होती ना.” काकांनी खिशातून रुमाल काढला. “एवढंच कळलं मला. ‘कोमे पोको’ म्हणत होती. कमी जेवते. चारदा तरी म्हणाली. कोमे पोको, केतकी कोमे पोको. आपली पोरगी नीट जेवत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करत होती.” ते हसायला गेले आणि एकदम त्यांना रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. रुमालात तोंड लपवून म्हणाले, “परक्याच्या पोरीवर इतकं कुणी चिडतं का गं?”

जिन्यात काकूंच्या चपलांचा आवाज आला. काका उठले, तोंड पुसलं आणि अनवाणीच दाराकडे गेले.

“शैला! अगं, केतकी नीट जेवत नाही!”

“कोण म्हणालं?” काकू कुलपात किल्ली तशीच ठेवून वळल्या.

काकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

“तिच्या घरचं माणूस म्हणालं,” ते म्हणाले.